रस्त्यावरच्या दिव्याखाली मी कधीच बसले नाही

"हे टक्के आपल्या हिशोबाने धरायचे, की तुमच्या?"

सरांनी विचारलं, आणि ऑकलंडच्या बॉटनी डाउन्समधल्या त्यांच्या घरच्या हॉलमध्ये नऊ माणसं हसली.

रविवार. सकाळचे अकरा. भिंतीवर टीव्ही. टीव्ही कसला, गोदामाचं शटर. त्यावर क्रिकेट लावलं असतं तर थर्डमॅनचा फिल्डर हॉलमध्ये उतरून पाणी पिऊन गेला असता. पण त्या दिवशी त्यावर क्रिकेट नव्हतं. मी होते. माझं प्रोफाइल. नाव, वय, शिक्षण, नोकरी, एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा स्कोअर. सरांच्या हातात लाल ठिपका पाडणारा पॉइंटर. ठिपका माझ्यावरून वरखाली फिरत होता. चांगलं दिसलं की सर म्हणायचे, "हिरवं." बरं दिसलं की "पिवळं." वाईट दिसलं की "लाल." सोफ्यावरची माणसं वहीत उतरवून घ्यायची. एकाचं माप सगळ्यांसमोर काढायचं म्हणजे बाकीच्यांना शिकायला मिळतं, अशी तिथली पद्धत.

ठिपका 'शिष्यवृत्ती' या ओळीवर थांबला.

"ही कुठली?"

"सरकारी. अनुसूचित जातीच्या मुलांना परदेशात शिकायला देतात ती."

"अच्छा."

नुसतं 'अच्छा'. पण सगळ्यांचे खिचडीचे चमचे जागच्या जागी थांबले. कोणाच्या तरी दाताखाली शेंगदाणा फुटला, तो मला फटाक्यासारखा ऐकू आला. मग ठिपका चार ओळी वर सरकला, पदवीच्या टक्क्यांवर, आणि सरांनी तो प्रश्न विचारला. आपल्या, की तुमच्या.

नऊ जण हसले.

दहावी मी. मी पण हसले.

हे लिहिताना आजही हात अडतो. ते हसले म्हणून नाही. मी हसले म्हणून. अंगावर थुंकी उडावी आणि आपणच 'असू दे, असू दे' म्हणत पुसावी, तसं ते हसू होतं.

सर मूळचे पुण्याचे. वीस वर्षांपासून ऑकलंडमध्ये. एकेकाळी मोठ्या फंडात नोकरी, स्वतः नावाजलेल्या बिझनेस स्कूलचे; मला जायचं होतं त्याच. आता दर रविवारी मराठी मुलांची प्रोफाइलं तपासायचे. फुकट. हे 'फुकट' नीट ऐका. फुकट मिळतं तिथे तक्रार करता येत नाही. नुसते उपकार असतात, आणि ते दर रविवारी वाढतात. सरांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणायचे. वहिनी खिचडी द्यायच्या, चहा द्यायच्या. कप मला वेगळा नव्हता, हो. तेवढं आपण पुढे आलोत. सगळ्यांना सारखाच कप. फक्त सर सगळ्यांना 'अरे', 'अगं' म्हणायचे आणि मला एकटीला 'तुम्ही'. तो मान असेल असं मला पहिले दोन रविवार वाटलं.

मी चौतीस वर्षांची. एका बँकेत क्रेडिट ॲनालिस्ट. कर्ज मागायला आलेला धंदा कागदावर कसा दिसतो ते बघायचं आणि द्यावं की देऊ नये ते वरच्यांना सांगायचं. डेअरीवाल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानवाल्या, गुजराती काकांपासून गाईंवाल्या गोऱ्या शेतकऱ्यापर्यंत सगळे माझ्या टेबलावरून गेलेत. एका शेतकऱ्याच्या चारशे गाई मला नावानिशी पाठ होत्या; त्यातली एक तर मला ओळख द्यायची. माझं कामच माणसाचं प्रोफाइल वाचायचं. पण कधी कुठल्या गाईवाल्याला मी विचारलं नाही की बाबा रे, तुझ्या आज्याने लहानपणी काय काय सोसलं. दूध किती, देणं किती, पाऊस किती. संपलं.

बँकेने त्या वर्षी ठरवलं होतं की आमच्या विभागातलं एक माणूस एमबीएला पाठवायचं. नोकरी राखून. परत आल्यावर टीमची प्रमुख. माझी मॅनेजर हेदर मला म्हणाली, "तू कर अर्ज. पण प्रवेश याच फेरीत मिळायला हवा. पुढच्या वर्षी ही योजना असेल असं मी सांगू शकत नाही." स्कोअर माझ्याकडे होता. हेदरचं शिफारसपत्र होतं. नव्हता तो निबंध. स्वतःबद्दल हजार शब्द.

आता मला बोलायला सांगा. पामर्स्टन नॉर्थला मास्टर्स करत होते तेव्हाच्या वाऱ्याबद्दल विचारा. सायकलवर कॉलेजला निघायचे आणि वारा मला उचलून परत घरात आणून ठेवायचा. दोनदा तर मी आदल्या दिवशी पोचले. असं बोलायला सांगा, दिवसभर बोलते. पण लिहायला बसले की हातातून बँकेची भाषा निघते. म्हणून सरांकडे गेले. अवोन्डेलचा रविवारचा बाजार उरकायचा, गाडी काढायची आणि अख्खं ऑकलंड ओलांडून बॉटनी गाठायचं. वाटेत ट्रॅफिक असा की पिशवीतल्या मेथीला फुलं यायची. तरी गेले. तीन रविवार गेले. त्यातला हा तिसरा.

सगळे निघाले तेव्हा सरांनी मला थांबवलं.

"मघाशी गंमत केली हं. मनाला लावून घेऊ नका. मी त्यातला नाही. माझे कितीतरी मित्र तुमच्यातले आहेत."

"किती?" मी विचारलं.

सरांना ते ऐकू आलं नाही.

"हे बघा," ते म्हणाले, "बँकेतले भारतीय ढिगाने अर्ज करतात. फायनान्स, चांगला स्कोअर, चांगली नोकरी. सगळे एकसारखे. पण तुमच्याकडे जे आहे ते आमच्या मिहिरकडे नाही."

मिहिर म्हणजे कोथरूडचा. आयटीतून फायनान्समध्ये आलेला. सरांचा लाडका. त्याच्या प्रोफाइलवर सगळं हिरवंच दिसायचं. लॉनच होतं ते.

"माझ्याकडे काय आहे?"

"स्ट्रगल." सरांचे डोळे लकाकले. "मघाशी शिष्यवृत्तीपाशी लाल दिसलं ना? तेच आपण हिरवं करायचं. फक्त विकता आलं पाहिजे. सांगा, लहानपण कसं होतं?"

मी सांगितलं. अप्पा नगरपालिकेत, दिवाबत्ती विभागात पर्यवेक्षक. आई सरकारी दवाखान्यात नर्स. राहायला क्वार्टर. गल्लीतला पहिला फ्रिज आमचा. त्यात आई कुल्फी लावायची आणि गल्लीतली पोरं माझ्या मैत्रीसाठी रांग लावायची.

"फ्रिज नको," सर म्हणाले.

"म्हणजे?"

"फ्रिज काढा. वाचणारा गोंधळतो."

माझ्या आईने हप्त्याहप्त्याने घेतलेला फ्रिज बॉटनी डाउन्समध्ये बसून हा माणूस घराबाहेर काढत होता.

"त्याच्या आधीचं काही? आजोबा?"

"रेल्वेत गँगमन होते."

"हां! गँगमन. हे चांगलंय."

"पण मी त्यांना बघितलंच नाही. माझ्या जन्माआधी गेले."

"असू दे. वेदना असतेच ना रक्तात." मग आवाज खाली आणून, अगदी डॉक्टरसारखं, "मोकळेपणाने सांगा हो. खरं काय ते सांगा."

खरं मी सांगून झालं होतं. त्यांच्या मनातलं खरं वेगळं होतं, आणि ते त्यांना माझ्या तोंडून हवं होतं.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. कुल्फीच्या रांगेतली अर्धी पोरं कुल्फी खायची. उरलेली अर्धी 'घरी विचारून येतो' म्हणायची, आणि मग यायचीच नाहीत. आणि शाळेत वर्षातून दोनदा गुरुजी म्हणायचे, "शिष्यवृत्तीवाले उभे राहा." फॉर्म वाटायला. मी पाचवीत. माझ्या बाकावर डॉक्टरांची मुलगी. आमची जोडी अशी घट्ट की गणितात आम्ही दोघी मिळून एकच चूक करायचो. त्या दिवशी मी उभी राहिले. फॉर्म घेतला. खाली बसले. तेवढ्यात तिने तिचं दप्तर उचललं आणि आमच्या दोघींच्या मधे ठेवलं. नुसतं ठेवलं. वर्ष संपेपर्यंत ते तिथेच होतं.

हे सरांना का नाही सांगितलं? कारण या गोष्टीत गरिबी नव्हती. सरांना गरिबी हवी होती. गरिबी कशी, पावसासारखी. वरून पडते, कोणी पाडत नाही. तिच्यावर निबंध लिहा, सगळे रडतात, कोणाचंच नाव येत नाही. दप्तराचं तसं नाही. दप्तर ठेवायला हात लागतो. आणि हात म्हटला की तो कोणाचा, हे विचारावं लागतं.

गुरुवारी सरांनी निबंध पाठवला. स्वतः बसून लिहिलेला. अर्धी इंग्रजी डिक्शनरी त्यात ओतलेली. मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत उघडला.

मोलमजुरी करणाऱ्या बापाची मुलगी. घरात वीज नाही. चिमुकली मुलगी रोज रस्त्यावरच्या दिव्याखाली पुस्तक घेऊन बसते. दिवा मिणमिणतो, पण तिच्या डोळ्यांतली स्वप्नं मिणमिणत नाहीत. गँगमन आजोबा रुळांवरून घरी येतात आणि तिच्या डोक्यावरून खरखरीत हात फिरवतात. माझ्या जन्माआधी गेलेले आजोबा.

मी इतकी मोठ्याने हसले की हेदर केबिनमधून बाहेर आली. "ऑल गुड?" "स्वीट ॲज," मी इकडच्यासारखं म्हटलं, म्हणजे एकदम मजेत. थापा मारण्यात मी आयुष्य घालवलंय. मासा वीतभर असला तर मी तो होडीएवढा करते. पण माझ्या थापेत मी मोठी होते, मासा मोठा होतो, ऐकणारासुद्धा जरा मोठा होतो. ही थाप मला लहान करणारी होती. माझ्या बापाला लहान करणारी होती. आणि मारणारी मी नव्हते.

हे त्या वेळी एवढं स्वच्छ सुचलं नाही, हेही सांगते. त्या वेळी सुचलं ते असं, की निबंध भारी आहे. याने काम होईल. मी तो पुढच्या शुक्रवारच्या मुदतीसाठी जपून ठेवला.

शनिवारी संध्याकाळी पाचला घरी फोन लावला. व्हिडिओ कॉल. तिकडे सकाळचे साडेनऊ. अप्पा पेपर वाचत होते. मागे भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, ताजा हार. गंमत म्हणून मी निबंध वाचून दाखवायला लागले, वाक्यावाक्याला मराठी करून. दिव्यापर्यंत आले तसा अप्पांनी हात वर केला.

"थांब. कोणत्या पोलखाली?"

"अप्पा, कोणत्याच नाही. त्यांनी बनवलंय."

"बनवलंय ते कळलं गं. पण कोणता पोल? क्वार्टरच्या तोंडाशी दोन होते. एक पाण्याच्या टाकीचा, एक शाळेकडचा. दोन्ही माझ्या सेक्शनचे. खाली पोरगी बसली असती तर मला दिसली नसती? आणि मिणमिणतो म्हणजे काय? माझ्या सेक्शनमध्ये दिवा मिणमिणायचा नाही. दुसऱ्या दिवशी बदलून टाकायचो."

आतून आई ओरडली, "आणि डास? डासांनी फोडून काढली असती!"

आम्ही तिघं हसलो. पोट धरून हसलो. मग अप्पांनी चष्मा काढला.

"आणि मी काय करतो म्हणे त्यात?"

मी थांबले. "मोलमजुरी."

"अस्सं."

आता हा हुद्दा ऐका. अप्पा लागले तेव्हा वायरमन. पर्यवेक्षकाची जागा निघाली तेव्हा यादीत पहिले अप्पा. नेमला चौथा. साहेब म्हणाले, "तुम्ही पोलवर चांगले चढता, तिथेच बरे दिसता." अप्पा कोर्टात गेले. सात वर्षं तारखा. सात वर्षं पोलवर चढत राहिले आणि उतरून तारखेला जात राहिले. निकाल लागला त्या आठवड्यात त्यांनी दारावर पितळी पाटी लावली. नाव आणि खाली 'विद्युत पर्यवेक्षक'. आई ती दिवाळीला चिंचेने घासते. पोस्टमन नवा आला की अप्पा मुद्दाम पाटीजवळ उभे राहतात.

तो माणूस चष्मा पुसत म्हणाला, "तुझं काम होत असेल तर राहू दे. मी रिटायर माणूस. तिकडे कोण विचारायला येणार आहे? मजूर तर मजूर."

"अप्पा..."

"अगं, होऊ दे. एवढ्यासाठी तुझं अडू नये."

सात वर्षं भांडून मिळवलेला शब्द. माझ्यासाठी त्यांनी तो एका वाक्यात परत केला. न चिडता. न रडता. बाजारातून येताना दुसऱ्याची पिशवी धरावी तसं.

मी फोन ठेवला. सर हसले ते मी गिळलं होतं. मी हसले तेही गिळलं होतं. हे गिळवेना.

दुसऱ्या दिवशी बॉटनीला गेले. त्या रविवारी मेथी नाही, बाजार नाही, थेट. हॉलमध्ये तेच नऊ. मी चपला काढून आत गेले आणि मिहिर सोफ्यावरून म्हणाला, "ओह, ती स्ट्रीटलाइटवाली स्टोरी तुमची का? हीप्स इमोशनल, यार, जाम रडवते!"

"तुला कुठे मिळाली?"

"आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. सरांनी तासाभरापूर्वी सॅम्पल म्हणून टाकलाय ना, तुम्ही गाडीत असाल."

सर हसत पुढे आले. "नाव काढलंय हं तुमचं. इतरांना कळावं, पार्श्वभूमी कशी मांडायची." वहिनी डोळे टिपत म्हणाल्या, "मी तर रडले बाई. केवढं सोसलंस गं."

नाव काढलं होतं. त्या ग्रुपमध्ये माझ्यासारखी मी एकटी. नाव काढून काय उरतं लपायला?

"सर, हा निबंध माझा नाही."

"म्हणजे?"

"माझे वडील मजूर नाहीत. पर्यवेक्षक होते. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"अहो, ते तपशील झाले. निबंधाला आत्मा लागतो."

"मग मिहिरच्या वडिलांना मजूर करा."

मिहिर ताठ बसला. "एक्स्क्यूज मी?"

"राग आला?"

"ऑब्व्हियसली! माझे बाबा चार्टर्ड अकाउंटंट आहेत."

"माझे पर्यवेक्षक आहेत. मलाही आला."

सरांनी पॉइंटर टेबलावर ठेवला. आवाज अगदी थंड. "हे बघा. स्पष्टच सांगतो. त्या गोष्टीशिवाय तुमचं प्रोफाइल सरासरी आहे. लाल आणि पिवळं. आणि मुलाखत घेणारा माजी विद्यार्थी माझा वर्गमित्र आहे. मी तुमच्यासाठी शब्द टाकलाय."

हे सगळं खरं होतं. तेच तर. खुर्ची खरी होती, बढती खरी होती, शुक्रवार खरा होता. 'हो' म्हटलं असतं तर सगळं जागच्या जागी बसलं असतं. फक्त अप्पा त्यांच्या हुद्द्यावरून उठून उभे राहिले असते.

"शब्द परत घ्या," मी म्हटलं.

"काय?"

"टाकलेला शब्द परत घ्या. आणि निबंध ग्रुपवरून काढा. सगळ्यांच्या फोनमधून जाईल असा. आत्ता. माझ्यासमोर."

वहिनी म्हणाल्या, "अगं, एवढं केलं त्यांनी तुझ्यासाठी! फुकट!"

"वहिनी, माझ्या आईचा फ्रिज घराबाहेर काढला त्यांनी. मी तेव्हाच उठायला हवं होतं. उशीर झाला, माझी चूक."

सर फोन काढेनात. मी उभी. दोन मिनिटं असतील, पण तेवढ्यात न्यूझीलंडमध्ये दोन सरकारं बदलली असती. शेवटी काढला. अंगठा फिरवला. नऊ फोन नऊ मांड्यांवर एकदम उजळले.

मग मी सोफ्याकडे वळले. "मागच्या रविवारी मी तुमच्याबरोबर हसले. ते हसू मी परत घेते. सर, तुम्ही विचारलं होतं, टक्के कोणाच्या हिशोबाने. माझ्या. गणित एकच असतं. तुमच्या मिहिरला कोणी विचारलं नाही, तो कोणाच्या दिव्याखाली शिकला ते."

"उर्मटपणा आहे हा," सर म्हणाले.

"आहे," मी म्हटलं.

बाहेर आले. रागात मिहिरच्या जांडल्स, म्हणजे रबरी सपाता, घातल्या. अकरा नंबर. त्या घालून गाडी चालवली तेव्हा एकाच पायाखाली ब्रेक, ॲक्सिलरेटर आणि अर्धा मोटरवे मावत होता. परत केल्या नाहीत. मागायलाही कोणी आलं नाही.

चार दिवसांत निबंध मी लिहिला. बँकेच्या भाषेत. त्यात अप्पांचा हुद्दा होता आणि तो मिळवायची सात वर्षं होती. चारशे गाई होत्या. दप्तर होतं, आणि ते कोणी ठेवलं आणि का, हेही होतं. फ्रिजही होता. शुक्रवारी पाठवला.

मुलाखत स्क्रीनवर झाली. सरांचे वर्गमित्र. "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार घातला, चाळीस मिनिटांची मुलाखत एकोणीस मिनिटांत आटोपली. माझ्या कामाबद्दल एक प्रश्न. मग म्हणाले, "लहानपणी खूप हालअपेष्टा झाल्या असतील ना?"

"हालअपेष्टा नाहीत," मी म्हटलं. "माणसं. मी लिहिलंय त्यात."

त्यांनी घड्याळात बघितलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. नाही. दोन ओळी. हेदरने हात हातात घेतला, "खूप वाईट वाटतंय" म्हणाली, आणि जागा दुसऱ्या एकाला गेली. त्याला मी काम शिकवलं होतं. तो एमबीए करून परत आला, आणि त्याच्या टीममध्ये मी आज काम करते.

सरांनी ग्रुपवर नाव न घेता लिहिलं, 'भावनेपेक्षा मार्गदर्शन मोलाचं.' खाली जोडलेल्या हातांचं चित्र. तिथे आठ अंगठे उठले. मी लिहिलं, 'नकार मला आला आहे, माझ्या नावाने, माझ्या बापाच्या हुद्द्यासकट. तुमच्या निबंधाला होकार आला असता तर तो कोणाला आला असता?' एका मिनिटात मला ग्रुपमधून काढून टाकलं. अंगठा कोणी उठवला का, ते बघायला मिळालं नाही.

अप्पांना सांगितलं. त्यांनी पेपरची घडी केली. मग म्हणाले, "मजूर ठेवलं असतं तर झालं असतं का गं?"

"झालं असतं, अप्पा."

"मग?"

"परत हे विचारलंत तर मी फोन ठेवीन."

त्यांनी परत विचारलेलं नाही.

यंदाची फेरी उघडली आहे. बँकेची योजना बंद झाली; राखलेली नोकरी नाही, रजा नाही, मिळालं तरी सगळं सोडून जावं लागेल. ती खुर्ची गेली, ती परत येणार नाही, आणि ती गेल्याचं दुःख मला आहे. नाही म्हणणार नाही. कोणी मला सांगू नये की जे होतं ते बऱ्यासाठी. बऱ्यासाठी झालेलं नाही. एका माणसाला माझा बाप मजूर हवा होता आणि मी तो दिला नाही, म्हणून झालं.

काल अर्ज उघडला. निबंधाच्या जागी तोच निबंध टाकला. एक शब्द बदलला नाही. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात लिहिलं, विद्युत पर्यवेक्षक, नगरपालिका, सेवानिवृत्त. वाचणाऱ्याचा गोंधळ होत असेल तर होऊ दे. पुढच्या वर्षी हेच लिहीन. त्याच्या पुढच्या वर्षीही. ते नाही म्हणत राहतील, मी पाठवत राहीन. बदलायचं असेल तर त्यांनी बदलावं. हा रकाना बदलणार नाही.